नात्याचे सी. डी. देशमुख : एका प्रतिनिधीची गोष्ट



महाडहून रायगडाकडे निघालात की वाटेत नाते गाव लागतं. गडाची ओढ असते, त्यामुळे आपण बहुतेक जण तिथे थांबत नाही. पण पुढच्या वेळी थोडं थांबा आणि मुलांना सांगा, की १४ जानेवारी १८९६ रोजी याच गावात चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म झाला. जग त्यांना सी. डी. देशमुख म्हणून ओळखतं.

त्यांची हुशारी आपण मुलांना नेहमीच सांगतो. शिक्षण रोह्याला सुरू झालं. १९१२ साली ते मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही मिळवली. पुढे केंब्रिजला शिकले आणि १९१८ साली आय.सी.एस. परीक्षेतही पहिले आले. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. म्हणजे बघा, आपल्या मातीतल्या माणसाची सही देशाच्या नोटांवर! कालिदासाच्या मेघदूताचा मराठी अनुवादही त्यांनी केला.

इथपर्यंतचा भाग भाषणांत आणि निबंधांत येतो. पण नागरिकशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग यानंतरचा आहे आणि नेमका तोच राहून जातो.

१९५० साली देशमुख देशाचे अर्थमंत्री झाले. तोपर्यंतची सगळी पदं त्यांना परीक्षेमुळे किंवा नेमणुकीने मिळाली होती. १९५१-५२ मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक आली आणि त्यांना लोकांसमोर मत मागायला उभं राहावं लागलं. मतदारसंघ होता कुलाबा, म्हणजे आजचा आपला रायगड जिल्हा. (जिल्ह्याचं नाव १९८१ मध्ये बदललं.)

त्या निवडणुकीचं चित्र मुलांसमोर जरूर उभं करा. तेव्हाचं मुंबई राज्य उत्तरेला बनासकांठ्यापासून दक्षिणेला कारवारपर्यंत पसरलेलं होतं. त्यात गुजराती, मराठी आणि कानडी असे तिन्ही भाषांचे जिल्हे होते. मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, तर विदर्भ मध्य प्रदेशात. मतदानाचं वय २१ होतं. बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवलेली असे आणि तिच्यावर निशाणी असे. शिक्का मारायचा नाही, कागद फक्त हव्या त्या पेटीत टाकायचा. काँग्रेसची निशाणी होती बैलजोडी. केंब्रिजचा पदवीधर आणि अंगठा उठवणारा शेतकरी, दोघांच्या मताचं वजन सारखंच! लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा काँग्रेसला मिळाल्या. कुलाब्याने देशमुखांना निवडून दिलं.

आता खरी परीक्षा आली. भाषावार प्रांतरचनेचा प्रश्न पेटला होता. मुंबईसह महाराष्ट्र व्हावा ही मराठी माणसाची मागणी होती. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई शहर केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर झाला. लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाले, माणसं मेली. देशमुख दिल्लीत सरकारच्या पहिल्या फळीत बसलेले, आणि त्यांना निवडून देणारा जिल्हा मराठी. अशा वेळी काय करायचं?

त्यांनी राजीनामा दिला. पंडित नेहरूंनी तो लगेच स्वीकारला नाही. हातातलं काम अर्धवट न टाकता देशमुखांनी त्या वर्षीचा अर्थसंकल्प मांडला आणि जुलै १९५६ मध्ये ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले. जाताना लोकसभेत स्पष्टपणे बोलले. मुंबईचा निर्णय ज्या पद्धतीने घेतला गेला ती त्यांना मान्य नव्हती. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी होत नाही, हेही त्यांना पटलं नव्हतं.

आपल्याच पक्षाच्या पंतप्रधानांना तोंडावर हे सांगणं सोपं नव्हतं. खुर्ची गेली, पण शब्द राहिला.

१९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांनी संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बाजूने कौल दिला. कुलाब्यानेही काँग्रेसला नाकारलं. गुजरात आणि विदर्भातल्या जागांच्या बळावर राज्यातलं सरकार मात्र काँग्रेसचंच राहिलं. जिल्ह्याजिल्ह्याचा कौल असा वेगळा असू शकतो, हे वर्गात नकाशा रंगवून छान दाखवता येतं. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा पोलादपूरच्या बाजूलाही काळे झेंडे घेतलेली माणसं जमली होती. आपल्या गावात आजी-आजोबांकडे याच्या आठवणी असतील तर मुलांना विचारून यायला सांगा. अखेर १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला.

देशमुख पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढले आणि हरले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी त्यांचं निधन झालं.

पालकहो, मुलांना पहिला नंबर काढायला आपण रोजच सांगतो. नात्याच्या या माणसाने तोही काढला होता. पण ज्यांनी मत दिलं त्यांच्यासाठी पद सोडायची वेळ आली तेव्हा त्यांनी ते सोडलं, हेही मुलांना सांगूया. मुलं उद्या मतदार होणार आहेत. मत मागायला दारात येणाऱ्याला काय विचारायचं, ते त्यांना यातूनच कळेल.