मधुबालेच्या चेहऱ्यावरचा उजेड

मैत्रिणींनो, ‘महल’मधली झोपाळ्यावरची मधुबाला आठवतेय? आणि ‘पाकीझा’तली मीनाकुमारी? या दोघींवर आपण सगळ्याच फिदा! पण त्यांच्या चेहऱ्यावर तो उजेड पाडला कुणी, असं विचारलं तर पटकन नाव सांगता येत नाही. ते नाव जोसेफ विर्शिंग. आणि हे गृहस्थ होते चक्क जर्मन!

विर्शिंग यांचा जन्म १९०३ मध्ये म्युनिक शहरात झाला. तिथल्याच एमेल्का स्टुडिओत ते कॅमेऱ्याचं काम करू लागले. हिमांशू रॉय यांनी गौतम बुद्धांच्या जीवनावर ‘द लाइट ऑफ एशिया’ हा मूकपट काढला, त्याच्या चित्रीकरणासाठी १९२५ मध्ये विर्शिंग पहिल्यांदा भारतात आले. दिग्दर्शक होते फ्रान्झ ऑस्टेन, तेही जर्मनच.

पुढे १९३४ मध्ये हिमांशू रॉय आणि देविकाराणी यांनी मुंबईत मालाडला ‘बॉम्बे टॉकीज’ उभी केली आणि या जुन्या जोडीदारांना बोलावून घेतलं. चांगल्या घरच्या मुलींनी सिनेमाचं नावही काढू नये, असा तो काळ. १९३६ च्या ‘अछूत कन्या’त देविकाराणी रेल्वे फाटकवाल्याची दलित मुलगी झाल्या, नायक होते अशोककुमार. कॅमेरा विर्शिंग यांचा. याशिवाय त्यांच्या हातात फोटोचाही कॅमेरा असे. स्टुडिओतल्या कामाचे, तिथल्या माणसांचे, कलावंतांचे त्यांनी हजारो फोटो काढून ठेवले.

सगळं छान चाललेलं असताना सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं. इंग्रजांच्या लेखी आता प्रत्येक जर्मन माणूस शत्रू! ऑस्टेन आणि विर्शिंग दोघंही पकडले गेले. देशभरातून पकडलेल्या जर्मनांची मोठी छावणी कुठे होती ठाऊक आहे? अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. आपल्या आष्टी-कड्याच्या बायका बस्ता बांधायला जातात, त्याच नगरात! गुन्हा काही नाही, फक्त जन्म जर्मनीतला. विर्शिंग यांची युद्धाची वर्षं कैदेतच गेली. तिकडे १९४० मध्ये हिमांशू रॉय वारले. ऑस्टेन मायदेशी गेले.

सुटल्यावर विर्शिंगही मायदेशी जाऊ शकले असते. ते गेले नाहीत. पुन्हा मालाडलाच आले आणि कॅमेरा हातात घेतला. १९४८ मध्ये ‘जिद्दी’ आणि १९४९ मध्ये कमाल अमरोहींचा ‘महल’. मधुबाला तेव्हा अवघी सोळा वर्षांची. विर्शिंग यांनी पडद्यावर बराचसा अंधार तसाच ठेवला आणि उजेड मोजूनमापून दिला. त्यामुळेच तर तो महाल खरोखर झपाटलेला वाटतो!

पुढे बॉम्बे टॉकीज बंद पडली, पण कमाल अमरोहींनी त्यांना सोडलं नाही. १९६० च्या ‘दिल अपना और प्रीत पराई’मधली नर्स मीनाकुमारी विर्शिंग यांनीच टिपली. ‘पाकीझा’चं काम तर त्याआधीच, १९५६ च्या सुमारास सुरू झालं होतं. पण अमरोही आणि मीनाकुमारी यांच्या संसारात दुरावा आला आणि १९६४ मध्ये चित्रीकरण थांबलं. ते पुन्हा सुरू होण्याआधीच, १९६७ मध्ये विर्शिंग मुंबईत वारले.

राहिलेलं काम दुसऱ्या कॅमेरामननी पूर्ण केलं. फेब्रुवारी १९७२ मध्ये ‘पाकीझा’ लागला, मार्चअखेर मीनाकुमारीही गेली. ज्या सिनेमासाठी विर्शिंग यांचं नाव आज सर्वांत जास्त घेतलं जातं, तो पूर्ण झालेला त्यांनी पाहिलाच नाही! अमरोहींनी श्रेयनामावलीत मात्र त्यांचं नाव मानानं ठेवलं.

त्यांनी काढलेले फोटो घरच्यांनी जपले. २०१७ मध्ये पणजीत त्यांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा कुठे या माणसाची पुन्हा चर्चा झाली.

राबणारे हात पडद्यामागे राहतात आणि कौतुक दुसऱ्याचं होतं, हे आपल्याला काय नवीन आहे? म्हणून एवढंच करा. टीव्हीवर ‘पाकीझा’ लागला की सुरुवातीची नावं चालू असताना चहा ठेवायला उठू नका. जोसेफ विर्शिंग हे नाव येऊ द्या, मग उठा!