खरा साधू कसा असतो? गाडगेबाबांचं आयुष्य बघा, भोंदू आपोआप ओळखू येईल

भिवंडी : दर वर्षी २० डिसेंबरला संत गाडगेबाबांची पुण्यतिथी येते. शाळेत, ग्रामपंचायतीत फोटोला हार घातला जातो, चार जण झाडू मारतात आणि दिवस संपतो. पण देवाच्या नावावर गरिबाला लुबाडणाऱ्यांविरुद्ध हा माणूस पन्नास वर्षं गावोगाव बोलत फिरला, ही गोष्ट फोटोखाली कुणी लिहीत नाही.

आज भिवंडी, शहापूर, वाडा भागातल्या गावपाड्यांना ती गोष्ट पुन्हा ऐकायची गरज आहे. गुप्तधन काढून देतो, अंगातलं भूत उतरवतो, रानातल्या गुप्त जडीबुटीने मूल होईल असं सांगणारे आठवडी बाजारात भेटतात आणि आता मोबाइलवरही भेटतात. कुणी आदिवासी देवाचं नाव घेतो, कुणी वारली भगताची विद्या आपल्याला मिळाली म्हणतो. त्यांना ओळखायचं कसं, याचं उत्तर बाबांच्या आयुष्यातच आहे.

देवाच्या नावाने दारू, दारूने बाप गेला

बाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात, परीट समाजात. त्या काळी घरच्या देवाला बकरा कापायचा आणि दारूचा नैवेद्य दाखवायचा, अशी रीत होती. नैवेद्य झाला की ती दारू प्रसाद म्हणून माणसांच्या पोटात जायची. डेबूचे वडील झिंगराजी असेच व्यसनात अडकले. होतं नव्हतं ते विकलं गेलं, आणि डेबू आठ वर्षांचा असताना ते वारले. आई सखूबाई पोराला घेऊन मुर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला माहेरी आली.

देवाला दारू लागत नाही, ती पिणाऱ्याला लागते. हे डेबूने कुठल्या पोथीत वाचलं नव्हतं, घरात बघितलं होतं. शाळेचं तोंडही त्याने पाहिलं नव्हतं. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला नातेवाइकांनी मटण आणि दारूचा आग्रह धरला, तेव्हा डेबूजीने गोड जेवण घातलं. भावकी नाराज झाली. त्याने ऐकलं नाही.

अंगठा उठवला आणि जमीन गेली

दापुऱ्याला मामाची चांगली शेती होती. डेबू गुरं राखायचा, नांगर धरायचा. मामा निरक्षर. सावकाराने कागद पुढे करायचे आणि मामाने विश्वासाने अंगठा उठवायचा. असं करता करता जमीन सावकाराच्या घशात गेली आणि त्या धक्क्याने मामा खचून गेले. सावकाराची माणसं ताबा घ्यायला आली तेव्हा तरुण डेबूजी नांगर सोडून हटला नाही.

यामुळेच पुढे बाबांच्या कीर्तनात कर्ज, सावकार, अंगठा आणि शाळा हे विषय सारखे यायचे. न वाचता अंगठा उठवणारा माणूस सावकारालाही सापडतो आणि बुवालाही, हे त्यांनी लोकांना पटवून दिलं. पोरांना शाळेत घाला, त्यासाठी जेवणाचं ताट मोडावं लागलं तरी चालेल, हा त्यांचा आग्रह शेवटपर्यंत होता.

गाडगं, चिंध्या आणि झाडू

१ फेब्रुवारी १९०५ला डेबूजी घर सोडून निघाले. अंगावर चिंध्या जोडून केलेले कपडे, हातात झाडू, डोक्यावर किंवा हातात फुटकं मातीचं मडकं. त्या गाडग्यामुळेच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

त्यांचा दिवस ठरलेला असायचा. गावात आले की आधी झाडायला सुरुवात. काम केल्याशिवाय भाकरी घ्यायची नाही. रात्री कीर्तन. त्यात ते लोकांनाच वऱ्हाडी बोलीत साधे प्रश्न विचारायचे. दगडाच्या देवासमोरचा नैवेद्य कुत्रं खातं तेव्हा देव त्याला हाकलतो का, नवसाने पोरं होत असतील तर लग्न कशाला करायचं, असे ते प्रश्न. माणसं हसायची आणि हसता हसता गप्प व्हायची. सकाळी बाबा पुढच्या गावाला गेलेले असायचे. वारीला पंढरपूरला जायचे, पण मंदिरात न जाता बाहेरची घाण काढत बसायचे.

मुलगा गेला तरी चमत्कार नाही

१९२३ मध्ये त्यांचा एकुलता एक मुलगा गोविंद पिसाळलेला कुत्रा चावल्याने गेला. त्या काळी लस खेड्यापाड्यात पोचलेली नव्हती. कोकणात कीर्तन सुरू असताना बातमी आली आणि बाबांनी कीर्तन थांबवलं नाही. आपल्याकडे दैवी शक्ती आहे असं त्यांनी ना त्याआधी कधी सांगितलं, ना त्यानंतर. अंगारा, गंडा, ताईत त्यांनी कुणाला दिला नाही. आजारी माणसाला ते दवाखान्याची वाट दाखवायचे.

आज परिस्थिती वेगळी आहे. कुत्रा चावला तर लस आहे, साप चावला तर प्रतिविषाचं इंजेक्शन आहे. तरीही मांत्रिकाकडे तास दोन तास घालवून मग दवाखाना गाठला जातो, आणि तोवर उशीर झालेला असतो.

लाखोंच्या इमारती, स्वतःला झोपडी

बाबांनी नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू इथे धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी सोय केली. पंढरपूरला, अस्पृश्य म्हणून ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं अशा वारकऱ्यांसाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. १९४९ मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. १९५२ मध्ये गाडगेबाबा मिशन स्थापन झालं, आणि त्याच्या आश्रमशाळांत पुढे अनेक आदिवासी, भटक्या समाजाची मुलं शिकली.

एवढा पैसा उभा राहिला, पण तो विश्वस्तांच्या हाती राहिला. या मालमत्तेवर आपल्या नातलगांचा हक्क राहणार नाही, अशी तजवीज बाबांनी करून ठेवली. बायको कुंताबाई आणि मुली साधेपणानेच राहिल्या. बाबांनी कुणाला पाया पडू दिलं नाही. आपला कुणी शिष्य नाही आणि आपण कुणाचे गुरू नाही, हे ते उघड सांगायचे.

८ नोव्हेंबर १९५६ला मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यात त्यांचं शेवटचं कीर्तन झालं. २० डिसेंबर १९५६ला अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांनी देह ठेवला.

पाड्यावर आलेल्या बाबाला ही फूटपट्टी लावा

वाघदेव, हिरवा देव, कणसरी ही आपल्या रानाची आणि शेताची दैवतं आहेत. लग्नातली धवलेरी, झाडपाल्याची माहिती असलेला जाणता म्हातारा ही आपली माणसं. त्यांचं घर, नातं, शेत सगळं पाड्याला माहीत असतं. भामटा मात्र बाहेरून येतो आणि याच परंपरेचं नाव वापरतो. तेव्हा एवढं बघा :

• पैसे, कोंबडं, दारू, दागिने मागतो का? बाबा काम केल्याशिवाय भाकरीही घेत नव्हते.
• गुपित ठेवायला सांगतो का? बाबांचं सगळं बोलणं चावडीवर, हजार माणसांत होतं.
• बाईमाणसाला एकटं बोलावतो का? तिथूनच माघारी फिरा.
• डॉक्टरकडे जाऊ नको म्हणतो का? हा सगळ्यात मोठा धोका.
• शेजाऱ्याने करणी केली, अमकी बाई चेटकीण आहे, असं सांगतो का? तो गावात भांडण लावून पोट भरतो.
• कागदावर अंगठा किंवा सही मागतो का? दापुऱ्याची जमीन आठवा.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं, भूत उतरवायच्या नावाने मारहाण करणं, दैवी शक्तीच्या नावाखाली बाईचं शोषण करणं, साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं, हे सगळे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात देता येते, तातडीची मदत ११२ वर मिळते. दंश झाला तर १०८ला फोन करून थेट आरोग्य केंद्र किंवा भिवंडीचं इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय गाठा.

फसलेला माणूस लाजेने गप्प बसतो आणि त्या गप्प बसण्यावरच भोंदूचा पुढचा पाडा ठरतो. म्हणून झालेलं घरात, गावात सांगा. ग्रामसभेतही हा विषय घ्या. बाबाही लोकांना एकत्र बसवून, सगळ्यांसमोरच बोलायचे.