नदीकाठ लोकांना देणाऱ्या अहिल्याबाई

परळीच्या वैजनाथ मंदिराकडे जाणारा रुंद, चिरेबंदी पायऱ्यांचा चढ बीड जिल्ह्यातल्या बहुतेकांच्या परिचयाचा आहे. या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकर यांनी केला, हेही सर्वांना ठाऊक असते. परळी मात्र होळकरांच्या मुलुखात नव्हती. हा सारा टापू निजामाच्या अमलाखालचा होता. जिथून एक रुपयाचाही महसूल येणार नाही, अशा गावात अहिल्याबाईंनी दगड रचला आणि तो लोकांच्या वापरासाठी ठेवला. त्यांच्या बांधकामांची पद्धत समजून घ्यायची तर परळीपासूनच सुरुवात करावी.

बीडच्या सीमेलगतच्या जामखेड तालुक्यात सीना नदीकाठी चौंडी नावाचे गाव आहे. तेथे ३१ मे १७२५ रोजी माणकोजी शिंदे यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. नदी म्हटली तरी वर्षातले कित्येक महिने कोरडीच, असा हा मुलुख. पाण्याचे मोल येथल्या मुलांना कोणी शिकवावे लागत नाही. १७३३ साली मल्हारराव होळकरांच्या सून म्हणून त्या माळव्यात गेल्या. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव मारले गेले. सती जाण्यास निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी थांबवले आणि राज्यकारभारात गुंतवले. १७६६ मध्ये मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव गेला आणि दौलतीची जबाबदारी अहिल्याबाईंवर आली. फौजेची सूत्रे तुकोजी होळकरांकडे देऊन कारभार त्यांनी स्वतःकडे ठेवला.

राजधानीसाठी त्यांनी नर्मदेकाठचे महेश्वर निवडले. तेथील राजवाडा पाहणारा माणूस थोडा चकित होतो, कारण राजवाडा म्हणावा असे त्यात फारसे काही नाही. साधा, लाकडी खांबांचा वाडा. वैभव आहे ते खाली, नदीच्या काठावर. पावसाळ्यात नर्मदा कित्येक हात वर चढते आणि उन्हाळ्यात तितकीच खाली उतरते. पायऱ्यांचा घाट असला म्हणजे पाणी कुठेही असो, म्हाताऱ्या माणसालाही सुखरूप उतरता येते. बुरूज प्रवाहाचा मारा सोसतात, ओवऱ्यांत वाटसरू विसावतो. धुणे, स्नान, श्राद्ध, नावेचा उतारा, बाजारहाट हे सारे एकाच काठावर चालते. आज वॉटरफ्रंट या नावाने जे आराखडे सादर होतात, त्यांतील बागा आणि रोषणाई वगळली तर उरणारे सारे येथे अडीचशे वर्षांपूर्वीच होते. काठावर कुंपण नव्हते आणि तिकीटही नव्हते.

हाच काठ त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठोर प्रसंगाचाही साक्षीदार ठरला. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे वारले आणि कन्या मुक्ताबाई सती जाण्यास निघाली. आईने परोपरीने विनवले. सासऱ्यांच्या शब्दाखातर ज्या स्वतः चितेवरून मागे फिरल्या होत्या, त्यांना मुलीला मात्र मागे फिरवता आले नाही. नर्मदेच्या काठी हे घडले. त्यानंतर अहिल्याबाई जेमतेम चार वर्षे जगल्या. पण घाटांची आणि देवालयांची कामे थांबली नाहीत.

काशीत मणिकर्णिका आणि दशाश्वमेध घाटांची दगडी कामे त्यांनी करवली. त्यांच्या नावाचा स्वतंत्र घाटही तेथे आहे. १७८० साली विश्वनाथाचे आजचे मंदिर उभे राहिले. हरिद्वारला कुशावर्त घाट, गोदावरीकाठी पुणतांब्याला घाट, शिवाय ठिकठिकाणी बारवा, कुंडे, धर्मशाळा. यांतील बहुतेक जागा दुसऱ्याच्या राज्यातल्या. तेथे फौज पाठवून काम होणार नव्हते; पत्रव्यवहार, ओळखी आणि रोख पैसा यांवरच ते पार पडत असे.

पैसा कुठून आला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. होळकरांकडे सरकारी दौलत आणि खासगी असे दोन वेगळे हिशेब असत. धर्मादायाचा खर्च अहिल्याबाई खासगीतून करीत. केवळ बांधून मोकळे होण्याची त्यांची रीत नव्हती. पूजा, दिवाबत्ती, अन्नछत्र, देखभाल यांसाठी कायमची नेमणूक करून दिली जाई. सार्वजनिक बांधकामाची खरी परीक्षा उद्घाटनानंतर सुरू होते, हे त्यांनी ओळखले होते. आजच्या नगरपालिकांना नेमके हेच जमत नाही, असे खेदाने म्हणावे लागते.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे त्यांचे निधन झाले. खासगीची व्यवस्था पुढे संस्थानाबरोबर चालत राहिली आणि संस्थान विलीन झाल्यावर १९६२ मध्ये एका विश्वस्त संस्थेकडे गेली. या मालमत्तांच्या विक्रीवरून वाद उद्भवला. त्यात हरिद्वारच्या कुशावर्त घाटाचेही नाव आले. २०२० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने या मालमत्ता राज्य सरकारच्या असल्याचा निर्णय दिला. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात बदल करून, विश्वस्त संस्थेने सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदणी करावी, असा आदेश दिला. ज्या पायऱ्यांवर कोणीही बसावे, त्यांचा मालक कोण, हे न्यायालयाला ठरवावे लागले.

त्यांच्या जन्माच्या त्रिशताब्दीनिमित्त ६ मे २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठक चौंडीत झाली. त्यांच्या काळातील विहिरी, घाट, कुंडे आणि तलावांच्या दुरुस्तीचा निर्णय त्या बैठकीत घेण्यात आला. दुरुस्तीनंतर गाळ कोण काढणार आणि झाडलोट कोणाच्या पदरमोडीने होणार, याची तरतूद अहिल्याबाई बांधकामाबरोबरच करून ठेवत असत.