विश्लेषण : हवेतल्या कार्बनचा हिशेब ४७ वर्षे ठेवणारे चार्ल्स कीलिंग कोण होते?

हवेच्या दर दहा लाख रेणूंमध्ये कार्बन डायऑक्साइडचे रेणू किती? १९५९ मध्ये याचे उत्तर होते सुमारे ३१६. २०२४ मध्ये ते ४२४ च्या वर गेले. हवामान बदलाची चर्चा या आकड्यांशिवाय पूर्ण होत नाही. हे मोजमाप सुरू केले ते चार्ल्स डेव्हिड कीलिंग या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने. पण मोजणी सुरू करण्यापेक्षा ती चालू ठेवणे त्यांना जास्त जड गेले.

सुरुवात कशी झाली?

कीलिंग यांचा जन्म २० एप्रिल १९२८ रोजी पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटन येथे झाला. रसायनशास्त्रात पीएचडी केल्यानंतर ते कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेत आले. हवेतला कार्बन डायऑक्साइड अचूक मोजणारे तयार उपकरण मिळेना, म्हणून त्यांनी ते स्वतःच बनवले. १९५५ मध्ये बिग सर येथील उद्यानात तंबू ठोकून, रात्री-अपरात्री उठून ते काचेच्या फ्लास्कमध्ये हवा भरत. झाडांच्या श्वसनामुळे रात्री आकडा वाढे. दुपारी हवा नीट मिसळली की मात्र तो जवळपास सगळीकडे ३१० च्या आसपास येई. हे प्रमाण जागेनुसार वाटेल तसे बदलते, हा तोवरचा समज त्यामुळे डळमळला.

मग समुद्रावरची हवा का?

शहरात वाहनांचा धूर, रानात झाडांचा परिणाम. हजारो किलोमीटर समुद्रावरून आलेली हवा मात्र चांगली मिसळलेली असते. शिवाय एक मोठा प्रश्न समुद्राशीच जोडलेला होता. माणसाने सोडलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड समुद्र शोषून घेईल, असे तेव्हा अनेक शास्त्रज्ञ मानत. तसे असेल तर काळजीचे कारण नव्हते. स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक रॉजर रेव्हेल यांना याची खात्री वाटत नव्हती. १९५६ मध्ये कीलिंग स्क्रिप्समध्ये रुजू झाले.

मोजणी कशी होत असे?

पॅसिफिक महासागरातील हवाई बेटावर मौना लोआ हा ज्वालामुखी आहे. त्याच्या उतारावर, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर एक वेधशाळा आहे. मार्च १९५८ मध्ये तिथे यंत्र बसले आणि पहिला आकडा आला ३१३. कार्बन डायऑक्साइड अवरक्त किरण शोषतो. किती किरण शोषले गेले, यावरून हे यंत्र वायूचे प्रमाण सांगते. बाष्पामुळे गफलत होऊ नये म्हणून हवा आधी कोरडी केली जाते. यंत्र भरकटू नये म्हणून प्रमाण माहीत असलेल्या सिलिंडरमधील वायूशी पुन्हा पुन्हा तुलना केली जाते. ज्वालामुखीचा वायू वाऱ्याबरोबर आला, तर त्या तासांच्या नोंदी वगळल्या जातात.

काय आढळले?

पहिल्या वर्षी वीज जाऊन काम अडले आणि आकडे विस्कळीत वाटले. दुसऱ्या वर्षी उलगडा झाला. उत्तर गोलार्धात झाडे वाढू लागली की मे महिन्यानंतर आकडा उतरतो आणि शरद ऋतूनंतर पुन्हा चढतो. मात्र दरवर्षीची रेषा आदल्या वर्षीपेक्षा थोडी वरच राहते. म्हणजे समुद्र सगळा कार्बन पोटात घेत नव्हता. हा चढता आलेख पुढे ‘कीलिंग वक्र’ म्हणून ओळखला गेला.

मग अडचण कुठे आली?

पैशांत. तेच यंत्र, तोच डोंगर, तीच मोजणी, यात नवे संशोधन काय, असा निधी देणाऱ्यांचा सवाल असे. १९६४ मध्ये निधी कपातीमुळे मौना लोआची मोजणी काही काळ थांबली. ती फट आलेखात आजही दिसते. पुन्हा निधी मिळाला, पण वाद पुढेही चालूच राहिला. वाढ वर्षाला एखाद्या अंकाची असताना यंत्रातली लहानशी चूकही निष्कर्ष बिघडवू शकते, यावर कीलिंग अडून राहिले. स्क्रिप्समध्ये तयार होणारे प्रमाणित वायू १९९५ पर्यंत जगभरच्या मोजणीचा आधार होते. २० जून २००५ रोजी माँटाना येथे त्यांचे निधन झाले.

आज त्याचे काय?

मिथेनची मोजणीही याच शिस्तीने होते : हवा कोरडी करायची आणि प्रमाणित वायूशी तुलना करायची. मिथेन दहा लाखांत दोनहूनही कमी असल्याने तिथे काटेकोरपणा आणखी लागतो. गोव्यातील काबो दि राम येथे १९९३ पासून सुमारे दशकभर भारतीय शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियाच्या संस्थेच्या साथीने फ्लास्कमध्ये हवा भरून या वायूंच्या नोंदी ठेवल्या. पावसाळ्यात तिथे अरबी समुद्रावरची स्वच्छ हवा येते.

स्क्रिप्सच्या नोंदी आता कीलिंग यांचे पुत्र राल्फ ठेवतात. मौना लोआ येथे अमेरिकी सरकारची संस्थाही १९७४ पासून स्वतंत्र मोजणी करते. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात या वेधशाळेचा निधी बंद करण्याचे सुचवले गेले. मोजणीत खंड पडला तर त्या काळातली हवा नंतर कुणालाही मोजता येत नाही. १९६४ ची फट आजही तशीच आहे.