ट्रेव्हर वॉडली : ब्रॅकनेलच्या ‘आरए-१७’चे जनक

आज ब्रॅकनेलच्या कार्यालयांत काम करणाऱ्या मराठी अभियंत्यांपैकी अनेकांना ‘रेकॉल’ हे नाव ठाऊक नसेल. मात्र व्होडाफोनचा जन्म याच कंपनीच्या पोटी झाला. रेमंड ब्राउन आणि कॅल्डर कनिंगहॅम यांनी १९५० साली ती स्थापन केली आणि १९५४ मध्ये ती ब्रॅकनेलला आली. तिला कीर्ती मिळवून देणाऱ्या ‘आरए-१७’ या रेडिओ संग्राहकाची मूळ कल्पना मात्र दक्षिण आफ्रिकेतील एका अभियंत्याची होती. त्यांचे नाव ट्रेव्हर वॉडली.

वॉडली यांचा जन्म १९२० साली डर्बन येथे झाला. विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतल्यावर दुसऱ्या महायुद्धात त्यांनी बेसिल शॉनलँड यांच्या नेतृत्वाखालील रडार पथकात काम केले. युद्धानंतर जोहान्सबर्गमधील शासकीय दूरसंचार संशोधन प्रयोगशाळेत ते रुजू झाले.

त्या काळच्या संग्राहकांचा मोठा दोष म्हणजे अस्थिरता. यंत्र तापले की आतील आंदोलकाची वारंवारता सरके आणि लावलेले केंद्र हातून निसटे. वॉडली यांनी हे सरकणे थांबवण्याचा हट्ट धरला नाही. त्याचा परिणामच नाहीसा केला. त्यांनी एकच आंदोलक दोन ठिकाणी वापरला. एकीकडे तो येणाऱ्या संदेशात मिसळून ४० मेगाहर्ट्झच्या आसपासची वारंवारता मिळे. दुसरीकडे स्फटिकाने दिलेल्या १ मेगाहर्ट्झच्या पटींत मिसळून ३७.५ मेगाहर्ट्झची. पुढे या दोहोंची वजाबाकी होई. आंदोलक सरकला तर दोन्ही संख्या सारख्याच बदलत आणि वजाबाकी तीच राही. ही रचना ‘वॉडली लूप’ म्हणून प्रसिद्ध झाली.

कल्पना सुटसुटीत होती, पण ती कारखान्यात उतरवणे कठीण ठरले. यंत्रातच निर्माण होणाऱ्या अनेक वारंवारता एकमेकींत मिसळून खोटे संदेश ऐकू येत. त्यांना अडवण्यासाठी ॲल्युमिनियमचे जाड ओतीव कप्पे करावे लागले. नवख्या कंपनीचा वेळ आणि पैसा अंदाजापेक्षा कितीतरी अधिक खर्ची पडला. अखेर जो संग्राहक सिद्ध झाला, त्याच्या चित्रफितीसारख्या मापपट्टीवर १०० किलोहर्ट्झला सुमारे सहा इंच जागा मिळे. त्यावरच कंपनीचा पाया भक्कम झाला.

वॉडली यांचे दुसरे मोठे कार्य म्हणजे १९५७ साली पुढे आलेला टेल्युरोमीटर. दोन दूरच्या बिंदूंमधून सूक्ष्मलहरी पाठवून, परतलेल्या लहरींच्या कलेतील फरकावरून तो अंतर मोजत असे. लॅम्टन यांनी १८०२ साली मद्रासजवळची आधाररेषा साखळीने मोजली, त्या कामाला आठवडेच्या आठवडे लागले होते. दऱ्याखोऱ्यांवरून दहा-वीस मैलांचे अंतर आता काही मिनिटांत मोजता येऊ लागले. १९८१ साली वॉडली यांचे निधन झाले.

‘आरए-१७’चे उत्पादन थांबून अनेक दशके लोटली; रेकॉलही २००० साली एका फ्रेंच उद्योगसमूहात विलीन झाली. तरीही हौशी मंडळी हे संच दुरुस्त करून चालवतात. कागदी कंडेन्सर गळके होतात, रोधकांची मूल्ये बदलतात, निर्वात नलिका दुर्मिळ झाल्या आहेत. हे भाग बदलता येतात. रॅकमधून सुटा झालेला संच नव्या पेटीतही बसवता येतो. मात्र नलिकांची उष्णता बाहेर पडायला वाट हवी, आणि ओतीव कप्प्यांची झाकणे व त्यांचे स्क्रू जिथल्या तिथे हवेत. वजन कमी करण्यासाठी कोणी ते आवरण काढले, तर जे खोटे संदेश घालवण्यासाठी ब्रॅकनेलच्या अभियंत्यांनी एवढे कष्ट उपसले, ते परत येतात. जुने यंत्र जपायचे तर त्यातला प्रत्येक भाग का आहे, हे आधी समजून घ्यावे लागते.