बढतीचा खरा मार्ग : मलिक अंबरचे जीवनचरित्र

आपल्या पिंपरी-चिंचवडच्या वेशीवर, दापोडी येथे, लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विस्तीर्ण आवार आहे. शाळेत येता-जाता आपली मुले तेथील गणवेशधारी अधिकारी पाहतात आणि त्यांच्या खांद्यावरचे तारे मोजतात. एकदा इतिहासाच्या तासाला आठवीतल्या एका मुलाने मला विचारले की, हे तारे लवकर वाढवायचे तर काय करावे लागते. वर्ग हसला. मी उत्तर देणार, तोच तो पुढे म्हणाला की, त्याचे वडील कारखान्यात आहेत आणि वशिल्यावाचून कोणी वर चढत नाही असे ते घरी नेहमी सांगतात. यावर मात्र कोणी हसले नाही. वर्गातल्या बहुतेक मुलांनी आपापल्या घरी हेच ऐकलेले होते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. आजच्या भूसेनेत कमिशन मिळाल्यावर अधिकारी लेफ्टनंट होतो. २ वर्षांनी कॅप्टन, ६ वर्षांनी मेजर व १३ वर्षांनी लेफ्टनंट कर्नल, असा सेवाकालानुसार क्रम आहे. मधल्या पायऱ्यांवर खात्याच्या परीक्षा द्याव्या लागतात. कर्नल व त्यावरील पदांसाठी मात्र निवड मंडळ बसते. तेथे वर्षानुवर्षांचे गोपनीय अहवाल, पुरे केलेले अभ्यासक्रम आणि पार पाडलेल्या जबाबदाऱ्या पाहिल्या जातात. म्हणजे पहिली १३ वर्षे सर्वजण जवळजवळ बरोबरीने चालतात. पण त्यांतील कोण पुढे जाणार हे त्याच १३ वर्षांत ठरत असते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नियमांच्या पुस्तकात सापडत नाही. ते देण्यासाठी मी वर्गाला एका सेनानीची जीवनकथा सांगितली. तीच येथे सादर करीत आहे.

मलिक अंबरचा जन्म इ. स. १५४८ च्या सुमारास हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, झाला. त्याचे मूळ नाव चापू. बालवयातच तो गुलामांच्या बाजारात विकला गेला. हातोहात विकला जाता जाता तो मीर कासिम नावाच्या एका व्यापाऱ्याकडे आला. या धन्याने मुलाची बुद्धी ओळखली, त्याला लिहिणे-वाचणे व हिशेब शिकविला आणि अंबर हे नाव दिले. पुढे तो दक्षिणेत आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखान स्वतःही एके काळचा हबशी गुलाम होता. त्याच्या पदरी राहून अंबरने दरबारचा कारभार, वसुलीची पद्धत आणि सैन्याची व्यवस्था जवळून पाहिली.

येथवर कोणी म्हणेल की, हाच तर वशिला! पण १५७० नंतरच्या दशकात चंगीझखान मरण पावला. त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. गुलामगिरी सुटली, आणि तिच्याबरोबर आश्रयही सुटला. त्यानंतरची सुमारे वीस वर्षे तो नोकरीच्या शोधात दक्षिणेतील दरबारांत फिरत राहिला. विजापूरच्या आदिलशाहीत त्याला मलिक हा किताब मिळाला. परंतु किताबाने घोड्यांचा दाणा-वैरण भागत नाही. अखेर तोही दरबार त्याने सोडला.

ही वीस वर्षे वाया गेली काय? वरवर पाहता तसेच वाटते. पण याच काळात त्याने दक्षिणेच्या वाटा, घाट आणि पाणवठे जाणून घेतले. हलक्या घोडदळाचे बळ कशात आहे हे पाहिले. मुख्य म्हणजे, ज्यांना त्याच्यावर विश्वास वाटत होता अशी माणसे त्याने जोडली. १५९५ च्या सुमारास तो निजामशाहीत परतला, तेव्हा त्याच्याजवळ अवघे दीडशे घोडेस्वार होते आणि त्याचे वय सत्तेचाळिशीच्या घरात होते. अभंगखान या हबशी सरदाराच्या हाताखाली त्याने चाकरी धरली.

तो काळ निजामशाहीच्या अंताचा भासत होता. मोगल फौजा अहमदनगरला भिडल्या होत्या. चांदबिबीने किल्ला शर्थीने लढविला; परंतु १६०० साली तिची हत्या झाली, किल्ला पडला आणि सुलतान कैद झाला. मोठमोठे सरदार शत्रूला मिळाले किंवा घरी बसले. अंबर मात्र मैदानात राहिला. मोगलांची रसद तोडावी, छावण्यांवर रात्री छापे घालावेत आणि डोंगरात नाहीसे व्हावे, असा त्याचा क्रम सुरू झाला. दीडशेचे स्वार हजारोंच्या घरात गेले. त्याच साली त्याने राजवंशातील एका तरुणाला दुसरा मुर्तजा निजामशाह म्हणून परंड्यास गादीवर बसविले आणि स्वतः वकील, म्हणजे राज्याचा मुख्य कारभारी, झाला. दीडशे स्वारांच्या नायकाने अवघ्या पाच वर्षांत राज्यातील सर्वोच्च पद गाठले. लष्करी इतिहासात इतकी जलद बढती विरळाच. परंतु या पाच वर्षांच्या पाठीशी ती वीस वर्षे उभी होती, हे विसरून चालणार नाही.

१६०२ मध्ये नांदेडजवळ खानखानानच्या मुलाशी झालेल्या लढाईत अंबर जखमी झाला. तो शत्रूच्या हाती सापडायचाच. पण त्याच्या माणसांनी त्याला उचलून सुरक्षित नेले. ज्या सेनानायकासाठी शिपाई जीव धोक्यात घालतात, त्याचा गोपनीय अहवाल निराळा लिहावा लागत नाही.

१६०७ च्या सुमारास त्याने राजधानी जुन्नरला आणली. आपल्या नाशिक फाट्यावरून चाकण, राजगुरुनगर, मंचर असे गेले की जुन्नर लागते. आज ज्या रस्त्याने कारखान्यांचा माल जातो, त्या मुलखात तेव्हा अंबरचे स्वार दौडत होते. पुढे १६१० मध्ये त्याने दौलताबादेस राजधानी नेली आणि जवळच खडकी नावाचे नगर वसविले. ही खडकी म्हणजे दापोडीशेजारची आपली खडकी नव्हे. तेच शहर नंतर औरंगाबाद म्हणून प्रसिद्धीस आले व आज छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखले जाते. तेथे त्याने भूमिगत नहर बांधून डोंगरातील पाणी शहरात खेळविले. वसुलीची इजारेदारी मोडून, जमिनीची प्रत पाहून सारा ठरविण्याची त्याची पद्धत मलिकंबरी धारा म्हणून पुढेही नावाजली गेली.

सेनापती म्हणून त्याचे वैशिष्ट्य असे की, त्याने माणूस पारखताना कुळापेक्षा कर्तबगारी पाहिली. विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने १६१० च्या सुमारास त्याच्या फौजेत दहा हजार हबशी व चाळीस हजार दक्षिणी असल्याचे नमूद केले आहे. या दक्षिणी फौजेत मराठ्यांचा मोठा भरणा होता. गनिमी काव्याचा प्रयोग इतक्या मोठ्या प्रमाणावर अंबरने केला, तो या मराठा स्वारांच्या भरवशावर.

यश मात्र एकसारखे मिळाले नाही. १६१६ मध्ये त्याचे काही सरदार मोगलांना मिळाले, जालन्याजवळ रोशनगावी त्याचा पराभव झाला आणि मोगलांनी खडकी जाळली. पुढील वर्षी शहाजादा खुर्रमशी नमते घेऊन तह करावा लागला. तरीही त्याने पुन्हा उभारणी केली. १६२४ साली मोगल व आदिलशाही फौजा एकत्र होऊन चालून आल्या, तेव्हा अहमदनगरजवळ, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळ, भातवडी येथे त्याने तलावाचा बांध फोडून शत्रूची छावणी चिखलात अडकविली. उपासमार व रात्रीचे छापे यांनी ती फौज खचली आणि तिचा पुरता मोड झाला. त्या वेळी अंबर पंचाहत्तरीचा होता. या लढाईत शहाजीराजांनी मोठा पराक्रम केला व त्यांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले.

येथे एक उणेही सांगितले पाहिजे. पुढच्याच वर्षी शहाजीराजे निजामशाही सोडून आदिलशाहीत गेले. पराक्रमाच्या मानाने कदर झाली नाही, हे त्याचे एक कारण मानले जाते. जो स्वतः गुणांवर वर चढला, त्यालाही वर पोहोचल्यावर इतरांच्या गुणांचे माप काटेकोर ठेवणे जड गेले असावे.

मे १६२६ मध्ये मलिक अंबरचे निधन झाले. खुलताबादेस त्याची कबर आहे. त्याच्यामागून त्याचा मुलगा फत्तेखान वकील झाला. त्याला ते पद केवळ मुलगा म्हणून मिळाले होते. त्याच्या हातून कारभार सावरला नाही. १६३३ मध्ये त्याने दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हवाली केला आणि १६३६ मध्ये निजामशाहीच संपली. बापाने पाव शतक जे राखले, ते मुलाकडून दहा वर्षेही टिकले नाही.

ही कथा संपल्यावर मी त्या मुलाला सांगितले की, तुझे वडील खोटे बोलत नाहीत. वशिल्याने पदे मिळतात. फत्तेखानालाही मिळाले होतेच. पण पद मिळणे निराळे आणि पद पेलणे निराळे. अंबरपाशी ना घराणे होते, ना मुलूख. होते ते शिकलेले अक्षर, फिरताना गोळा केलेला अनुभव आणि विश्वासाने जोडलेली माणसे. संधी आली तेव्हा तयार होता तोच पुढे गेला.

पालकबंधूंना व भगिनींना माझी एवढीच विनंती आहे. आपल्याला डावलले गेले असेल, तर ते दुःख मुलांपासून लपवू नये. पण त्यासोबत खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची प्रवेश परीक्षा बारावीत असतानाच देता येते, हेही त्यांना सांगावे. तो अर्ज भरताना वडिलांचा हुद्दा आड येत नाही. गणित मात्र पक्के असावे लागते. त्या मुलाने दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर गणितासाठी अर्धा तास थांबण्यास सुरुवात केली. तो पुढे काय होईल ते काळ ठरवील. अर्ध्या तासाची ही तयारी मात्र त्याने स्वतः ठरविली आहे.