श्वासाचे उपासक : स्वामी कुवलयानंद

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत बहुधा ज्ञातीतील कर्तबगार पुरुषांचीच चरित्रे दिली जातात. यंदा हा प्रघात थोडा बाजूस ठेवून आम्ही स्वामी कुवलयानंदांचे चरित्र ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत. स्वामीजी आमच्या ज्ञातीत जन्मले नव्हते. परंतु ज्यांनी आपली विद्या कोणा एका वर्गापुरती राखून ठेविली नाही, त्यांच्याविषयी आपपरभाव तो कसला ठेवावयाचा?

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे झाला. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतासाठी असलेली मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. पुढे बडोद्यास राजरत्न माणिकराव यांच्या आखाड्यात त्यांनी भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. देशसेवेच्या ध्यासाने त्यांनी आजन्म ब्रह्मचर्याचे व्रत स्वीकारले आणि खानदेशात अमळनेर येथे शिक्षकाचा पेशा पत्करिला.

१९१९ साली नर्मदातीरी मालसर येथे परमहंस माधवदासजी महाराजांची त्यांना भेट झाली आणि त्यांच्या आयुष्यास निराळेच वळण लागले. गुरूंपाशी त्यांनी योगाचे धडे घेतले. आसने व प्राणायाम यांचा परिणाम स्वतःच्या देहामनावर त्यांनी अनुभविला. पण स्वतःस आलेला अनुभव म्हणजे इतरांसाठी पुरावा नव्हे, हेही त्यांनी ओळखिले. श्रद्धा त्यांनी सोडली नाही, परंतु तिला परीक्षेपासून लपवूनही ठेविले नाही. बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांनी उड्डियान व नौली या क्रियांची तपासणी केली. नौली करिताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी होतो, हे त्यांनी दाबमापक यंत्राने दाखवून दिले आणि या घटनेस आपल्या गुरूंचेच नाव दिले.

१९२४ साली लोणावळ्यास त्यांनी कैवल्यधाम ही संस्था स्थापिली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींनी आपल्या प्रकृतीविषयी त्यांचा सल्ला घेतला. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे संशोधक बेहनान हे त्यांच्यापाशी शिकून गेले व १९३७ साली त्यांनी योगावर ग्रंथ प्रसिद्ध केला. मुंबईतही स्वामीजींनी योगोपचाराचे केंद्र उभारिले. तेथे प्रापंचिक माणसासही आपल्या व्याधीवर योगाचे साहाय्य घेता येऊ लागले.

त्यांच्या चरित्रातील एक गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. प्राणायामाने शरीरास प्राणवायूचा विपुल पुरवठा होतो, असा समज तेव्हा होता आणि आजही पुष्कळांचा आहे. स्वामीजींनी श्वासातील वायूंचे मोजमाप केले, तेव्हा या समजास आधार मिळेना. योगाचा कैवार घेणाऱ्यास हा निष्कर्ष झाकून ठेवणे सोयीचे झाले असते. त्यांनी तो छापून प्रसिद्ध केला, आणि प्राणायामाचे खरे महत्त्व मज्जासंस्थेवरील त्याच्या परिणामात शोधिले. सत्य सांगितल्याने योगाचा महिमा उणावत नाही, असा त्यांचा भरवसा असला पाहिजे.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींनी देह ठेविला. त्यांनी स्थापिलेली संस्था शंभराहून अधिक वर्षे उलटल्यावरही कार्य करीत आहे.

आज घरोघरी योगाचे नाव निघते, आणि त्याच्या आधारे वाटेल ती व्याधी बरी करण्याची ग्वाही देणारेही भेटतात. अशा ग्वाहीवर विसंबून चालू असलेले औषध परस्पर बंद करणे हे स्वामीजींच्या मार्गास धरून नाही. आमच्या तरुणांनी रोज थोडा वेळ स्वस्थ बसून आपल्या श्वासाकडे लक्ष द्यावे, जाणत्याकडून रीतसर शिकावे, आणि जे शिकले ते पारखून घेऊन ज्यास हवे त्यास मोकळ्या हाताने द्यावे. स्वामीजींच्या स्मृतीस याहून योग्य आदरांजली आम्हांस तरी सुचत नाही.